आर्क्टिकमध्ये किंबरलाइट (खोलातून हिरे वर आणू शकणारा ज्वालामुखी खडक) सापडलं आणि त्यात जी-१० गार्नेट (हिऱ्यांच्या सोबतीने सापडणारे एका प्रकारचे खनिजकण) आहेत, म्हणजे हिऱ्यांची खाण होणार असं धरावं का?

धरू नये. प्रश्न वाचला आणि निपाणीचे आमचे साडू आठवले, तंबाखूचे जुने व्यापारी. एका छोट्या कॅनेडियन कंपनीने नेमकं हेच जाहीर केलं आणि यांनी मुलाकरवी तिचे शेअर घेतले. गणपतीत खानापूरला आरतीनंतर विषय निघाला. कॅनडाच्या उत्तरेत यलोनाइफकडे टिलचे, म्हणजे हिमनद्यांनी मागे टाकलेल्या गाळाचे, नमुने धुण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, म्हणून म्हटलं, एवढ्यावर पैसे घालू नका. तर म्हणाले, ‘तुम्ही नोकरदार, तुम्हाला धंदा काय कळणार!’

मग मीही सोडलं नाही. जी-१० मिळाले म्हणजे मॅग्मा हिरे तयार होतात तेवढ्या खोलीतून आला, दीडशे किलोमीटरच्या खालून. येताना हिरे किती उचलले आणि वाटेत किती जाळले, ते त्यातून कळत नाही. १९९१ ला फिपके-ब्लुसन या हिरे शोधणाऱ्या जोडीच्या, कॅनडातल्या पॉइंट लेकच्या ५९ किलो खडकात ८१ बारीक हिरे निघाले, जगभर गाजावाजा झाला. पण १९९८ ला तिथली एकाटी खाण सुरू झाली ती पांडा या दुसऱ्याच पाइपवर, म्हणजे किंबरलाइटच्या उभ्या नळीवर. तिथेही टनाला साधारण एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम! साडूंना विचारलं, मूठभर तंबाखू हुंगून अख्खी वखार उचलता का? यावर सासूबाईंनी मोदकांचं ताट मध्ये सरकवलं.

तुम्ही मायक्रोडायमंडचे (अगदी बारीक हिऱ्यांचे) आकडे आकारवार मागा, नुसती बेरीज नको. मग बल्क सॅम्पल (चाचणीसाठी काढलेला खडकाचा मोठा नमुना) किती टनांचा, आणि त्यातून मोल ठरवण्याइतके, म्हणजे काही हजार कॅरेट, निघाले का ते बघा. हिरे असूनही खाण बुडते: कॅनडातली स्नॅप लेक २००८ ला सुरू झाली, २०१५ च्या डिसेंबरात बंद. पातळ तिरकी शीर, त्यात पाणी. तिकडे डिझेलसुद्धा हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरच्या रस्त्यानेच जातं. तिथल्याच गाचो कुएचा पहिला पाइप सापडला १९९५ ला, खाण सुरू झाली २०१६ ला. तोवर छोटी कंपनी नवे शेअर काढत राहते, आणि तुमचा वाटा पातळ होत जातो.

हां, एक राहिलं. एक्लोगाइट या खोलातल्या दुसऱ्या खडकातले हिरे असतील तर जी-१० नसूनही पाइप चांगला निघू शकतो, त्यामुळे ते नाहीत म्हणून लगेच सोडूही नका.

साडूंच्या मुलाने हे वाचलं तर वडिलांना वाचून दाखवावं. त्यांच्या कंपनीने बल्क सॅम्पल घेतला असेल तर टनांचा आकडा मला कळवावा, मी अजून वाट बघतोय.