खुबा बदलल्यावर व्हिडिओ कॉलवरची फिजिओथेरपी खेड्यात चालते का?

चालते. आमच्या आत्याबाईंची, म्हणजे सासूबाईंची, सेलूपासून आत असलेल्या गावात अशीच झाली. आज त्या काठीशिवाय मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येतात.

तुम्ही लिहिलंय, आईचा खुबा बदललाय, भाऊ म्हणतो शहरातच ठेवू, फोनवर कसली आली फिजिओथेरपी, आणि खर्च किती येतो. भावाचं वाक्य वाचलं आणि लिहायला बसले. आमचे मोठे भाऊजी पुण्यात असतात, त्यांचंही हेच वाक्य होतं.

आषाढात ओल्या अंगणात आत्याबाई घसरल्या आणि खुब्यातच हाड मोडलं. ऑपरेशन संभाजीनगरला झालं. वॉकरवर चालायला तिथेच शिकवलं आणि पुढचं व्हिडिओ कॉलवर ठरलं. भाऊजींचा हट्ट पुण्याच्या फ्लॅटचा. आत्याबाई म्हणाल्या, "मला तिथं कोण बोलाया हाय?" विषय संपला.

रेंज फक्त ओसरीत, म्हणून पलंग ओसरीत आला. पायांखाली विटा घालून उंच केला. बाज अजिबात नको, ती खोल जाते. फोन खिडकीच्या गजाला बांधला, कारण फिजिओ मॅडमना रुग्ण बाजूने आणि डोक्यापासून पायापर्यंत दिसावा लागतो. पण दिसणार काय? लुगडं! त्यात ना गुडघा दिसे, ना टाच. मॅक्सी म्हटलं की आत्याबाई डोळे मिटून पडायच्या. शेवटी ओसरीला चादर बांधली आणि नातीची सैल पँट चढवली. "ती पोरगी माझे पाय बघायली का गं?" म्हणत का होईना, पाऊल वरखाली करणं, मांडी आवळणं, टाच सरकवणं सुरू झालं. पुढे काठी आली, ती त्यांनी दुखऱ्या बाजूच्याच हातात धरली. सगळे तसंच धरतात. काठी चांगल्या पायाच्या बाजूला हवी. भेटायला आलेल्या इतक्या माणसांत कुणाला ते दिसलं नाही, मॅडमनी फोनमधून पकडलं.

मग महालक्ष्म्या आल्या. भाऊजी सहकुटुंब हजर. पूजेला त्यांनी स्वतःच्या हाताने आईसाठी पाट मांडला. "दहा मिनिटं बसली तर काय होतंय?" ऑपरेशनला अजून तीन महिने व्हायचे होते. खाली बसलं की मांडी पोटाशी येते, खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकतो आणि नवा सांधा वाटीतून निसटू शकतो. हे मॅडमनी जवळपास प्रत्येक कॉलला सांगितलेलं. मी पाट उचलून देवघरात ठेवला. जाऊबाई म्हणाल्या, देवीसमोर खुर्चीवर? म्हटलं, हो, हाताची, उंच खुर्ची. पूजा खुर्चीवरूनच झाली, सोळा भाज्यांचं ताट स्टुलावर ठेवलं. भाऊजी जेवले, पण माझ्याशी बोलले नाहीत.

म्हणून सांगते, फोन कमी पडत नाही. घरात उभं राहून बघणारं माणूस नसेल तर पुण्यातला रोज येणारा फिजिओही कमी पडेल, तो तासाभराने निघून जातो. उरलेल्या वेळी पायावर पाय टाकू नको, झोपताना पायांत उशी घे, जिना चढताना आधी चांगला पाय आणि उतरताना ऑपरेशनचा, हे कोण सांगणार? गुंतागुंत नसलेल्या रुग्णांत व्हिडिओवरचे आणि समोरासमोरचे निकाल जवळपास सारखे येतात, असं अभ्यासही सांगतात. भाऊजींना ती बातमी पाठवली होती, निळ्या टिका आल्या.

खर्चाचं मला विचारू नका. फी भाऊजींनी भरली. आकडा मला कधी सांगितला नाही, पैसे भरल्याचं मात्र अजूनही ऐकवलं जातं. कमोडची खुर्ची मात्र आईला घरी आणायच्या आधी घ्या, उकिडवं बसायच्या संडासावर बसवायचं नाही.

आता हे आधी सांगायला हवं होतं: वाकण्याची बंधनं ऑपरेशन मागून केलंय की पुढून, यावर बदलतात. तुमच्या सर्जनलाच विचारा. आणि पोटरी सुजून दुखली, ताप आला, जखमेतून पाणी आलं, किंवा अचानक कळ येऊन पाय आखूड दिसला, तर व्हिडिओ कॉल करत बसू नका, दवाखाना गाठा. दम लागला तर सरळ १०८.

भावाला पहिल्या कॉलला जोडून घ्या. मॅडम काय सांगतात ते त्याच्या कानांनी ऐकू दे, म्हणजे सणाला येऊन पाट मांडणार नाही.