धरणातून किती पाणी वाफ होऊन जातं, हे मोजतात तरी कसं?

तुम्ही विचारलंय की 'जायकवाडीतून बाष्पीभवनाने रोज इतके दलघमी पाणी कमी' असं पेपरात येतं (दलघमी म्हणजे दशलक्ष घनमीटर), तो आकडा धरणात मोजतात का. नाही. तो काठावरच्या एका पात्रात मोजतात. मराठवाड्यातल्याच एका धरणावर तीन उन्हाळे हे काम माझ्याकडे होतं.

पात्र दिसायला घंगाळाचा मोठा भाऊ. तांब्याचं, १२२० मिमी व्यासाचं, २५५ मिमी खोल, बाहेरून पांढरा रंग, खाली लाकडी चौकट. आत एक टोकदार सळई. सकाळी साडेआठला जायचं आणि पाणी त्या टोकाला टेकेपर्यंत मापाने ओतायचं. जेवढं ओतलं तेवढं काल उडालं. मे महिन्यात १२ मिमीसुद्धा भरायचं, म्हणजे जवळपास १४ लिटर. पाऊस झाला तर शेजारच्या पर्जन्यमापकातला आकडा त्यात मिळवायचा. वर जाळी असते. ती एकदा फाटली होती, तेव्हा शेळ्या पाणी पिऊन गेल्या आणि तेही बाष्पीभवन म्हणून वहीत चढलं! जाळीमुळे वाफ मात्र थोडी कमीच होते.

खरी गोम पुढे आहे. पात्रातलं वीतभर पाणी चटकन तापतं, धरणाचं तसं तापत नाही. म्हणून आलेला आकडा आपल्याकडच्या जाळीच्या पात्राला साधारण ०.८ ने, बिनजाळीच्या 'क्लास ए' पात्राला ०.७ ने गुणतात. वर्षाच्या हिशेबाला हे चालून जातं. एकेका महिन्याला फसतं, कारण खोल पाणी उन्हाळ्याची उष्णता धरून ठेवतं आणि सावकाश सोडतं.

मग क्षेत्रफळ. नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, ही पसरट परातच, भरला की सुमारे ३५० चौरस किमी. मे महिन्यात पसारा २०० चौरस किमी धरा. १२ मिमीचे गुणांकाने ९.६ मिमी झाले, म्हणजे रोज १.९ दलघमी. पंधरा दिवसांत एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, गेलंच म्हणा. पण हा पसारा कुणी रोज मोजत नाही, पाणीपातळीवरून तक्त्यात बघतात. गाळ साचत गेला की तो तक्ताही चुकायला लागतो.

पडताळा म्हणून जमाखर्च मांडता येतो: आलेलं पाणी, वजा कालवा, वजा पिण्याचा उपसा, वजा पाझर, वजा साठ्यातली वाढ. उरेल ती वाफ. माझा मात्र यावर फारसा भरवसा नाही. काठावर रात्री चालणाऱ्या मोटारींचं पाणीही मग वाफेच्याच खात्यात जातं.