कपाटामागची काळी भिंत

प्रश्न : कपाटामागच्या भिंतीला काळी बुरशी आलीय. सकाळी मला शिंकांवर शिंका, आणि आमची मांजरही खोकते. वरून रंग मारला तर भागेल का?

उत्तर : नाही हो! मीही एकदा रंगच मारला होता. महिन्याभरात डाग पुन्हा वर. आधी ओल कुठून येते ते शोधा, ती थांबवा, मगच भिंत पुसा. पुसताना मास्क लावा. कोरडं खरवडलंत तर बीजाणू, म्हणजे बुरशीचे बियांसारखे बारीक कण, घरभर उडतील. ते श्वासातून गेले की दमेकऱ्यांना धाप लागते. मांजरांनाही दमा होतो बरं! मान लांबवून, जमिनीलगत बसून खोकतात, आणि आपण म्हणतो केसांचा गोळा अडकलाय. तिला पशुवैद्यांना दाखवाच. हे बीजाणू पक्ष्यांनाही बाधतात; पोपट पाळला असेल, तर पिंजरा आजच दुसऱ्या खोलीत न्या.