किल्ट स्वस्तातला की हाताने शिवलेला?

प्रश्न : मुलाचं लग्न एडिनबरात, सून स्कॉटिश. त्याला किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चुण्यांचा घागरा, घालायचाय. तिथल्या रॉयल माइल या रस्त्यावर अॅक्रिलिकचे स्वस्त मिळतात, शिवून घ्यायचा तर शेकडो पौंड. काय करावं?
– एक वरमाई, पुणे

उत्तर : ताई, अॅक्रिलिकचा नकोच. शिवणकामात माझं आयुष्य गेलंय, म्हणून ठामपणे सांगते. अस्सल किल्टला सुमारे ८ यार्ड लोकरी कापड लागतं. मागची प्रत्येक चुणी टार्टनच्या (म्हणजे स्कॉटिश चौकटीच्या कापडाच्या) चौकड्या जुळवून हाताने शिवतात. त्या वजनानेच घेर डौलात हलतो. अॅक्रिलिक हलकं, चुण्या लवकर विस्कटतात. एका दिवसापुरताच हवा असेल तर लोकरीचा भाड्याने घ्या, तिथे नवरदेव सर्रास घेतात. पुढेही सणासमारंभाला घालणार असेल, तर शिवूनच घ्या. माप मात्र आत्ताच द्या, शिवायला बरेच आठवडे लागतात.