बंद दगडखाणीतून पावसाळ्यात वस्तीच्या नाल्यात येणारे गढूळ पाणी कसे रोखावे?

मुंबईच्या डोंगरउतारांवरील खाणी बहुतांशी काळ्या पाषाणाच्या, म्हणजे बेसॉल्टच्या असल्याने, गंधकयुक्त खनिजे असलेल्या कोळशाच्या वा धातूंच्या खाणींतून झिरपते तसे आम्लयुक्त पाणी येथे सहसा निघत नाही. खरा उपद्रव दगडाची भुकटी, सुटी माती आणि खाण बंद झाल्यावर कोणीतरी आणून ओतलेला राडारोडा यांचाच असतो.

त्यामुळे खाणीच्या वरच्या अंगाला किंचित उताराचा चर खणून डोंगरावरचे स्वच्छ पाणी बाहेरूनच वळवणे हे पहिले काम होय, कारण आत न शिरलेले पाणी गढूळही होत नाही. आत पडणारे पाणी तळाशी बांध घालून अडवावे, गाळ बसू द्यावा आणि वरच्या थरातील निवळ पाणीच नाल्यात सोडावे. सांडव्याच्या रुंदीत मात्र काटकसर नको. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता.

जुन्या यंत्रांखालची तेलकट माती पावसाआधी उचलून धोकादायक कचऱ्याच्या अधिकृत केंद्राकडेच पाठवावी. उघड्या उतारांवर वाळा किंवा स्थानिक गवत लावावे. खाणमालक दाद देत नसल्यास महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे छायाचित्रांसह लेखी तक्रार करावी.