'विज्ञान'च्या समोर 'श्रद्धा' कुणी उभी केली?

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. सातवीच्या मुलांच्या सरावासाठी विरुद्धार्थी शब्दांची यादी त्यांच्या हाती आली आणि तिच्यात 'विज्ञान × श्रद्धा' अशी जोडी होती. ही जोडी बरोबर आहे का, आणि 'माझी विज्ञानावर श्रद्धा आहे' हे वाक्य मराठीत चालेल का, असं त्या विचारतात.

जोडी चूक आहे, खोडून टाका. श्रद्धेच्या विरुद्ध अश्रद्धा. विज्ञानाला विरुद्धार्थी शब्दच नाही, जसा तो गणिताला नाही किंवा व्याकरणाला नाही. ही जोडी शब्दकोशातून आलेली नाही. ती आली परिसंवादांच्या फलकांवरून आणि वक्तृत्व स्पर्धांच्या विषयांवरून. वर्षानुवर्षं तेच ऐकून लोकांना वाटू लागलं की हे दोन शब्द जन्मापासूनच एकमेकांवर रोखलेले आहेत.

याच फलकांवरचा दुसरा शब्द 'विज्ञानवादी'. कर्मकांड न मानणाऱ्या, प्रयोगाला मान देणाऱ्या माणसासाठी तो सर्रास वापरतात. दर्शनशास्त्रात विज्ञानवादी म्हणजे असंग आणि वसुबंधू यांच्या परंपरेतला बौद्ध. बाहेरच्या वस्तूंना स्वतंत्र अस्तित्व नाही, जे आहे ते चित्तच, असं मानणारा. प्रयोगशाळेत परीक्षानळी घेऊन उभ्या असलेल्या माणसाला हे नाव देताना आपण काय म्हणतो आहोत, याचा दोन मिनिटं तरी विचार करावा. 'विज्ञाननिष्ठ' हा चांगला शब्द हाताशी आहे, तो वापरा.

आता 'विज्ञान'. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: वि म्हणजे विशेष, म्हणून विज्ञान म्हणजे विशेष ज्ञान. शालेय पुस्तकांपासून भल्या भल्या अभ्यासकांपर्यंत सगळे हेच लिहितात आणि मला ते अजिबात पटत नाही. 'वि'चा 'विशेष' हा अर्थ संस्कृतात आहे, नाही असं नाही. पण त्याचं पहिलं काम वेगळं करणं हे आहे. विभाग, वियोग, विग्रह, विच्छेद, विश्लेषण ही सगळी त्याच 'वि'ची मुलं. 'वि' लावलेल्या 'ज्ञा' धातूचा अर्थही संस्कृतात ओळखणं, हे यापासून निराळं असं कळणं, हा आहे. म्हणजे विज्ञान हे पाखडून, निवडून, एकापासून दुसरं सुटं करून झालेलं जाणणं. गंमत म्हणजे 'सायन्स'च्या मुळाशी जो लॅटिन जाणण्याचा धातू आहे, तोही अनेक भाषाविद कापणं, सुटं करणं या अर्थाच्या कुळात बसवतात. आपला 'छिद्' त्याच कुळातला. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता जाणण्याची तीच रीत पकडली. 'विशेष ज्ञान' म्हणून मोकळं होणाऱ्यांना हे दिसतच नाही, कारण त्यांनी 'वि'ला नुसती शोभेची झालर करून टाकलं आहे.

आणि हा शब्द सायन्ससाठी कुणी परवा बनवलेला नाही. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात सरळ म्हटलं आहे: 'मोक्षे धीर्ज्ञानमन्यत्र विज्ञानं शिल्पशास्त्रयोः'. मोक्षाकडे वळलेली बुद्धी ते ज्ञान, इतरत्र, म्हणजे शिल्पात आणि शास्त्रात वळलेली ते विज्ञान. कारागिराचं कसब आणि शास्त्रकाराची विद्या एका शब्दात, आणि त्यांच्या शेजारी मोक्षाची बुद्धी. एकाच ओळीत दोघं नांदतात, भांडण कुठेही नाही.

गीतेच्या सातव्या अध्यायात मात्र शंकराचार्य 'विज्ञान'चा अर्थ स्वानुभव असा घेतात. ज्ञान ऐकीव असू शकतं, अनुभवाला आलं की ते विज्ञान, असा त्यांचा रोख. ज्ञानेश्वर आचार्यांना किती मानतात हे सांगायला नको, पण इथे ते वेगळी वाट धरतात. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290 मधली ओवी पाहा:

अर्जुना तया नांव ज्ञान । येर प्रपंचु हें विज्ञान ।
तेथ सत्यबुद्धि तें अज्ञान । हेंही जाण ॥

जिथे तर्काचं काही चालत नाही ते ज्ञान. बाकीचा सगळा पसारा, हे दिसणारं जग, ते विज्ञान. आणि त्या पसाऱ्याच्या ठायी सत्यबुद्धी धरणं हे अज्ञान. विज्ञान अज्ञान नव्हे, हे नीट वाचा. अज्ञान आहे ती 'सत्यबुद्धी'.

हा सत्यबुद्धी शब्द लक्षात ठेवा, कारण श्रद्धेची व्याख्या तोच शब्द घेऊन येते. आचार्यांच्या नावावर असलेल्या विवेकचूडामणीत शास्त्राच्या आणि गुरूच्या वाक्यावर सत्यबुद्धी ठेवणं म्हणजे श्रद्धा, असं सांगितलं आहे. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवा. विज्ञानाच्या ठायी श्रद्धा ठेवणं म्हणजे अज्ञान! ज्ञानेश्वरांच्या मनातला मुद्दा ब्रह्म आणि प्रपंच यांचा होता, सायन्सचा नव्हता, हे मला मान्य आहे. तरी बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मला दुसरीकडे कुठे सापडलं नाही. निष्कर्ष उद्या बदलू शकतो, ही तयारी सोडली की हातात विज्ञान उरत नाही. म्हणून 'विज्ञानावर विश्वास' म्हणा. विश्वासात 'श्वस्' आहे, श्वास आहे. निर्धास्त होऊन श्वास घेता येणं म्हणजे विश्वास. तो पारखता येतो, काढूनही घेता येतो. विश्वासघात होतो, श्रद्धाघात कुणी ऐकलाय?

श्रद्धा म्हणजे श्रत् अधिक धा. 'धा' म्हणजे ठेवणं. मराठीत आपण श्रद्धा 'ठेवतो'. शब्दाच्या पोटातलं जुनं क्रियापद मराठीने नकळत पुन्हा बाहेर मांडलं आहे. 'श्रत्' म्हणजे काय? निघंटू, म्हणजे वैदिक शब्दांचा जुना संग्रह, म्हणतो सत्य, आणि आपल्याकडचे पंडित तिथेच थांबतात. मी थांबत नाही. लॅटिनमध्ये 'क्रेडो' म्हणजे मी श्रद्धा ठेवतो, आणि तो शब्द तुकड्या-तुकड्याने आपल्या श्रद्धेशी जुळतो. त्याचा पूर्वार्ध हृदयवाचक मानणारे भाषाविद बरेच आहेत, म्हणजे श्रद्धा ठेवणं हे हृदय ठेवणं. ग्रीक 'कार्डिआ' याच हृदयाच्या घराण्यातला. बँकेतलं 'क्रेडिट', दवाखान्यातला 'कार्डिओग्राम' आणि आपली 'श्रद्धा' ही सख्खी भावंडं निघतात. काहींना ही व्युत्पत्ती पटत नाही, संस्कृतात हृदयाला 'हृद्' आहे, 'श्रद्' नाही, असं ते म्हणतात. पण इतर भाषांशी ताडून पाहिलं तर 'श'च अपेक्षित आहे, नियम मोडला आहे तो 'हृद्'च्या 'ह'ने. शिवाय ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं श्रद्धासूक्त उघडा: 'श्रद्धां हृदय्ययाकूत्या', हृदयातल्या संकल्पाने श्रद्धेची उपासना. त्या ऋषीला हे नातं कानाने कळत होतं.

मग वैर आलं कुठून? युरोपातून, आणि तिथेही ते फारसं जुनं नाही. मध्ययुगात लॅटिन 'सिएन्शिया' या शब्दात ईश्वरविद्याही मोडत असे. मध्ययुगातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस तसं युक्तिवादाने सिद्ध करतो. कोपर्निकसने 1543 मध्ये पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं सांगणारा आपला ग्रंथ पोपला अर्पण केला. 1633 मध्ये गॅलिलिओला मत मागे घ्यायला लावलं हे खरं, ते लाजिरवाणं होतं, पण तो स्वतः श्रद्धावंत होता. झगडा शब्दप्रामाण्याचा होता, कुणाचं वचन अखेरचं मानायचं याचा. त्याला सरसकट 'धर्म आणि विज्ञान यांचा संघर्ष' असं रूप ड्रेपर या अमेरिकी लेखकाच्या 1874 च्या पुस्तकाने दिलं, आणि विज्ञानाचे आजचे बहुतेक इतिहासकार ती मांडणी टाकून देतात. आपले फलक अजून तिथेच अडकले आहेत. मराठीला तर हे वैर शोभतच नाही. आपला शास्त्रज्ञ आणि आपला शास्त्री एकाच शब्दातून निघाले. 'शास्त्रशुद्ध' म्हटलं की प्रयोगशाळा आठवते आणि 'शास्त्रापुरतं' म्हटलं की देवघर. बाळशास्त्री जांभेकरांनी कुलाब्याच्या वेधशाळेचं काम पाहिलं आणि 1845 मध्ये ज्ञानेश्वरी शिळाछापावर पहिल्यांदा छापून आणली ती त्यांनीच.

एक राहिलंच. अमरकोशात 'श्रद्धालु'चा एक अर्थ दिला आहे: 'श्रद्धालुर्दोहदवती'. श्रद्धालु म्हणजे डोहाळे लागलेली बाई. श्रद्धा शब्दालाच 'स्पृहा', म्हणजे ओढ, असा अर्थ तिथे आहे. सुश्रुताने गर्भवतीला 'द्विहृदया' म्हटलं, दोन हृदयांची, आणि म्हणून ती 'दौहृदिनी'. आपले 'डोहाळे' याच 'दोहद'मधून आले. 'श्रत्' म्हणजे हृदय हे एकदा धरलं, की दोन हृदयांच्या बाईला श्रद्धालु का म्हणत असतील हे वेगळं समजवावं लागत नाही.