शास्त्रीय नावं घोकू नका, येळवसेची भज्जी आठवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बीएस्सीचं पहिलं वर्ष, गाव लातूर जिल्ह्यातलं, साठ झाडांची शास्त्रीय नावं पाठ करायची आहेत आणि चार दिवसांत सगळी पुसली जातात. त्यात सटायव्हस, सटायव्हा, सटायव्हम यांतलं कुठलं कुठे लावायचं हा गोंधळ.

आधी गोंधळाचं बघू, कारण मराठी माणसाला तो पडायलाच नको. लॅटिनला आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत. हिंदीवाल्यांना दोनच, इंग्रजीत विशेषण जागचं हलत नाही, म्हणून त्यांना हे जड जातं. आपल्याला मात्र सरळ आहे: सटायव्हस म्हणजे पेरलेला, सटायव्हा पेरलेली, सटायव्हम पेरलेलं. आपोआप न उगवता माणसानं पेरून काढलेलं, एवढाच अर्थ. मुळा रॅफॅनस सटायव्हस, भात ओरायझा सटायव्हा, लसूण ॲलियम सटायव्हम. दुसरं नाव पहिल्याच्या लिंगाप्रमाणे चालतं. आपण 'तो भात' म्हणतो याच्याशी त्याला देणंघेणं नाही; ओरायझा 'ती' आहे, विषय संपला.

पांढऱ्याचंही तसंच: अल्बस, अल्बा, अल्बम. चंदन सॅन्टलम अल्बम. पण तुती मोरस अल्बा! इथे पोरं हमखास अडखळतात, मोरस हे नाव पुल्लिंगी वाटतं म्हणून. लॅटिनमध्ये 'अस'नं संपणारी झाडांची जुनी नावं बहुधा स्त्रीलिंगी असतात. म्हणून पिंपळ फायकस रिलिजिओजा आणि उंबर फायकस रेसिमोजा.

आता पाठांतराचं. लातूरकडचे आहात म्हणजे येळवस (वेळ अमावास्या, रानात जाऊन जेवायचा सण) पाळत असाल. रानातल्या त्या भज्जीच्या, म्हणजे मिश्र भाजीच्या, पातेल्यातच तुमची बरीच यादी शिजत असते.

हरभरा घ्या, सायसर ॲरिएटिनम. लॅटिनमध्ये 'ॲरिएस' म्हणजे मेंढा. वाळलेला देशी हरभरा तळहातावर घ्या आणि चोच पुढे करून बघा. मेंढ्याचं मुंडकं दिसलं की हे नाव जन्मात विसरणार नाही. 'सायसर' हा रोमन लोकांचा हरभऱ्याचा शब्द, आणि सिसेरो या प्रसिद्ध वक्त्याच्या घराण्याचं नाव त्यावरूनच पडलं. प्लुटार्क सांगतो की त्याच्या एका पूर्वजाच्या नाकाच्या शेंड्याला हरभऱ्यासारखी खाच होती.

भुईमूग ॲरॅकिस हायपोजिया. 'हायपो' खाली, 'जी' भूमी. भूगोलाच्या 'जिऑग्राफी'तली तीच. फूल वर येतं, मग आऱ्या सुटून मातीत शिरतात आणि शेंग भुईत भरते. नाव ठेवणाऱ्यानं आपल्या माणसाला विचारूनच ठेवल्यासारखं आहे.

मेथी ट्रायगोनेला फीनम-ग्रीकम. ट्रायगोनेला म्हणजे छोटी तिकोनी, फुलाच्या आकारावरून. फीनम-ग्रीकम म्हणजे ग्रीकांचं वाळलं गवत! रोमन शेतकरी ती जनावरांना घालत. आपण जिची जुडी घासाघीस करून घेतो तिचं नाव वैरणीवरून पडलंय. कोथिंबीर कोरिअँड्रम, ग्रीक 'कोरिस' म्हणजे ढेकूण, वासावरून, असं सांगतात. भज्जीवर ती चिरून घालताना हे मनात आणू नका.

आता माझा सगळ्यात लाडका, चाकवत: चिनोपोडियम अल्बम. ग्रीक 'खेन' म्हणजे हंसासारखा पाणपक्षी, 'पोडियन' म्हणजे छोटा पाय. पानाचा आकार तसा असतो. गंमत अशी की खेन आणि आपला हंस, पोडियन आणि आपला पाद या दोन्ही जोड्या मुळात एकेका शब्दाची लेकरं आहेत. म्हणजे चिनोपोडियम हा अक्षरशः 'हंसपाद'. असे नातलग पुष्कळ सापडतील. ट्राय म्हणजे त्रि, पेंटा पंच, हेप्टा सप्त, ऑक्टो अष्ट. ओलीफेरा (शेवगा, तेल धारण करणारा) मधला 'फेरा' हा संस्कृत 'भृ' धातूचा भाऊ. हे कळल्यावर अर्धी यादी आपल्याच भावकीतली वाटते.

पण सगळी नावं ग्रीक-लॅटिन समजू नका. नियमाप्रमाणे ती लॅटिन म्हणून वागवतात, एवढंच. तुरीचं कजानस मलाय भाषेतल्या 'कचांग'वरून आलं, हळदीचं कुर्कुमा अरबी 'कुर्कुम'वरून. चिंचेचं टॅमॅरिंडस म्हणजे अरबी 'तमर हिंदी', हिंदुस्थानी खजूर. आणि झाड मूळचं आफ्रिकेचं.

एक सापळाही सांगून ठेवतो, मी स्वतः त्यात पडलोय म्हणून. नोकरी नवी असताना एका प्रदर्शनात मुगाच्या वाटीसमोर मी ऐटीत 'विग्ना मुंगो' अशी चिठ्ठी लावली. एक शेतकरी मामा आले, हसून म्हणाले, "गुरुजी, मुगाला उडीद म्हणताय व्हय?" विग्ना मुंगो म्हणजे उडीद, आणि मूग म्हणजे विग्ना रेडिएटा. 'मुंगो' आला मूग या शब्दावरूनच, पण चिकटला उडदाला. परीक्षेत हे येतंच.

उच्चारावरून कोणी टोकलं तर मनावर घेऊ नका, ठरलेला असा उच्चार नाही. लिहिताना मात्र पहिल्या नावाचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत, बाकी लहान, आणि हातानं लिहिताना दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. नावापुढे 'एल' दिसला तर तो लिनियस, म्हणजे ते नाव देणारा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याच्या 1753 च्या ग्रंथापासून ही नावं धरली जातात. नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्येच हवं ही सक्ती 2012 पासून उठली, इंग्रजीही चालतं. नावं मात्र लॅटिनच.

साठातून अशी अर्थवाली बाजूला काढा. करडई टिंक्टोरियस, रंगाची. जवस युसिटॅटिसिमम, सगळ्यात उपयोगी. उरतील ती बहुतेक माणसांवरून पडलेली, ती घोकावीच लागतील. पळसाचं ब्यूटिया त्यातलंच, ब्यूटचा अर्ल या ब्रिटिश सरदारावरून. त्याचं मोनोस्पर्मा मात्र घोकू नका. शिमग्यानंतर बांधावरच्या पळसाची एक शेंग फोडा, आत एकच बी निघेल.